बॅड टेस्ट

बॅड टेस्ट : परग्रहवासीयांच्या आक्रमणावरील न्यूझीलंडचा अल्पखर्ची, विनोदी विज्ञानपट (१९८७). पीटर जॅक्सन (१९६१–    ) या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. छायाचित्रण व विशेष दृश्यपरिणाम हीही अंगे प्रामुख्याने त्यानेच सांभाळली. शिवाय दोन भूमिका केल्या. साधनांच्या तुटपुंजेपणाला शैलीचे रूप देणारी कृती म्हणून या चित्रपटास महत्त्व आहे.

कायहोरो या काल्पनिक खेड्यातील सर्व रहिवासी एकाएकी नाहीसे होतात. शोधासाठी आलेल्या सरकारी दलातील चौघांना तेथे मानवी रूप धारण केलेले परग्रहवासी आढळतात. आकाशगंगेतील खाद्यपदार्थांच्या एका व्यापारी कंपनीचे ते नोकर असून लॉर्ड क्रंब हा त्यांचा मालक आहे. माणसाचे मांस हा नवा पदार्थ बाजारात आणण्यासाठी त्याने गावकऱ्यांची कत्तल करवून त्यांचे मांस खोक्यांत भरून ठेवले आहे. एच्. जी. वेल्सच्या द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स (१८९८) या कादंबरीपासून अशा कथांतील आक्रमक पृथ्वी जिंकावयास येतात. येथे त्यांना राज्य नको आहे, कच्चा माल हवा आहे. विजेत्याच्या जागी व्यापारी आणण्याचा हा बदल चित्रपटातील उपरोधाचा गाभा होय. माओरी भाषेत ‘कायहोरो’ म्हणजे घाईघाईने, अधाशीपणे खाणे. त्यामुळे गावाच्या नावातच झटपट खाद्यपदार्थांच्या व्यवसायाची चेष्टा आहे.

चित्रीकरणास १९८३ मध्ये एका लघुपटाच्या रूपात प्रारंभ झाला. जॅक्सन तेव्हा वेलिंग्टनच्या एका दैनिकात छपाईचे ठसे तयार करण्याचे काम करीत असे. सुटीच्या दिवशी मित्रांना जमवून पुकेरुआ बे या आपल्या गावच्या परिसरात तो चित्रण करी. हे काम सुमारे चार वर्षे चालले. एक नट मध्येच सोडून गेला व पुढे परतला; कथानकही त्यानुसार बदलत गेले. प्रारंभीचे चित्रण किल्लीच्या, १६ मिमी. बोलेक्स कॅमेऱ्याने झाले. एकदा किल्ली दिल्यावर तो सुमारे अर्धा मिनिटच चाले. ध्वनी मागाहून जोडण्यात आला. परग्रहवासीयांचे रबरी मुखवटे जॅक्सनच्या आईच्या स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये भाजून तयार केले होते. न्यूझीलंड फिल्म कमिशनचे जिम बूथ यांनी केलेल्या अर्थसाहाय्यामुळे काम पूर्ण झाले. कॅन येथील चित्रपटबाजारात तो अनेक देशांतील वितरकांनी घेतला.

या उणिवांचा ठसा चित्रपटावर स्पष्ट दिसतो. परंतु तो दोषरूपाने नव्हे. लहान लहान दृश्यखंडांमुळे संकलनास विलक्षण गती आली आहे. आक्रमक बराच काळ निळे सदरे घातलेली साधी माणसे म्हणून वावरतात. त्यामुळे मुखवट्यांचा खर्च वाचतोच, शिवाय शत्रू पगारी नोकरासारखा सामान्य दिसतो, हा अर्थही साधतो. डेरेक हा नायक व रॉबर्ट हा परग्रहवासी या दोन्ही भूमिका जॅक्सनने केल्या आहेत. कड्यावरील त्यांच्या झटापटीत एकच नट स्वतःशी झुंजतो. हा भ्रम निव्वळ संकलनाने उभा केला आहे.

‘रुची’ हा शब्द मराठीत जिभेची चव व कलाविषयक अभिरुची या दोन्ही अर्थी वापरतात. चित्रपटाचे शीर्षक याच द्व्यर्थावर उभे आहे. परग्रहवासी एका पात्रातील हिरवी ओकारी आळीपाळीने पितात. वेषांतर करून त्यांच्यात शिरलेल्या दलातील एकाला ती प्यावी लागते आणि चक्क आवडते. डेरेक कवटीतून निसटणारा मेंदू पट्ट्याने बांधून लढत राहतो. जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायी भाव होय. येथे ती अतिशयोक्तीने इतकी ताणली आहे, की तिचे हास्यात रूपांतर होते. रक्ताचा कृत्रिमपणा उघड असल्याने प्रेक्षकाला वेदना जाणवत नाही, फक्त करामत दिसते.

मात्र अभिरुचीचा हा अवमान सर्वत्र समर्थनीय ठरत नाही. सरकारी दलाच्या नावाची आद्याक्षरे ‘एड्‌स’ अशी होतात. तो रोग असंख्य बळी घेत असतानाच्या काळातील हा विनोद उथळ आहे. त्यात उपरोधही नाही, कारण त्याचा रोख कोणत्याही बलवानावर नाही. उत्तरार्धातील गोळीबार लांबला असून त्यात पुनरुक्ती जाणवते. स्त्रियांना कथेत जवळजवळ स्थान नाही आणि पात्रांना सवयींपलीकडे स्वभाव नाही. व्यापारावरील टीकाही पुढे हाणामारीत हरवते. अखेरीस परग्रहवासीयांचे घरच अग्निबाणासारखे आकाशात झेपावते; त्या दृश्यात मात्र प्रारंभीचा खेळकर कल्पकपणा पुन्हा प्रकट होतो.

जॅक्सनने पुढे ब्रेनडेड (१९९२) मध्ये हीच शैली अधिक सफाईने हाताळली. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज या चित्रपटत्रयीने (२००१–०३) तो जगप्रसिद्ध झाला. तिच्या अखेरच्या भागास ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. तथापि बॅड टेस्ट हा केवळ भावी यशाची पूर्वतयारी म्हणून पाहणे योग्य नव्हे. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटांत परिणामामागील हात सहसा दिसत नाही. येथे तो सतत दिसतो आणि प्रेक्षकाच्या आनंदात त्याचाच वाटा मोठा आहे.