रंध्याचे रसग्रहण

मराठीत समीक्षेची टंचाई कधीच नव्हती. चार ओळींच्या कवितेवर चाळीस पानं सहज निघतात. पण ज्या टेबलावर कोपर टेकून ती चाळीस पानं लिहिली जातात, ते टेबल गुळगुळीत करणाऱ्या रंध्यावर कुणी चार ओळी खरडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. अर्थात माझं वाचन ते काय! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिवसभर बँकेत बसून लोकांची पासबुकं वाचतो. त्यांत कथानक असतं, व्यक्तिरेखाही कळतात, फक्त शेवट बहुधा शोकान्त असतो. एवढ्या भांडवलावर मी समीक्षेला बसलो आहे, कारण गावाकडचं माळवद उतरवलं तेव्हा आमच्या वाटणीला सागवानाच्या सहा तुळया आल्या, आणि आमच्या सिडकोतल्या घरात माणसं तुळयांना वळसा घालून चालू लागली. (ज्यांनी मराठवाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती थापून केलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात चिंता.)

तुळया वखारीत चिरून त्यांच्या फळ्या झाल्या. आता त्या रंधायच्या कशाने? आमच्या शाखेत यावर पंधरा मतं पडली. त्यांपैकी एकाही मतधारकाने रंधा हातात धरलेला नव्हता. समीक्षेची परंपरा आमच्याकडे अशी जिवंत आहे.

पहिला लाकडी रंधा. हा जुन्या वळणाचा लेखक. शिसवाचा नाहीतर बाभळीचा ठोकळा, त्यात तिरपं बसवलेलं पातं, आणि पातं धरून ठेवायला एक पाचर. आपल्याकडे पाचर मारणाऱ्याला लोक शिव्या देतात. इथे सगळा डोलारा तिच्यावर उभा. पातं पुढे घ्यायचं तर हातोडीने एक टिचकी, मागे घ्यायचं तर ठोकळ्याच्या शेपटीवर दुसरी. माप नाही, आकडा नाही, किती टिचकी म्हणजे किती पातं हे कुठे लिहिलेलं नाही. ज्याला येतं त्याला येतं. बाकीच्यांनी त्याच्या शैलीचं कौतुक करावं आणि आपली फळी दुसरीकडे न्यावी.

दुसरा लोखंडी. याचं श्रेय लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन गृहस्थाला जातं. त्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली घेतली, आणि मग रंध्यांना खातेक्रमांकासारखे नंबर पडले. चार नंबर साधारण नऊ इंची, पाच नंबर चौदा इंची, सात नंबर बावीस इंची. पातं फिरकीच्या स्क्रूने केसाइतकं पुढे-मागे होतं. पातं वर-खाली करण्याचा हिशेब ठेवता येतो, म्हणून हा माझ्यासारख्याला जवळचा. लांबीतलं इंगित मात्र समजून घेण्यासारखं आहे. लांब तळाचा रंधा उंचवट्यांवर टेकतो, खळग्यात उतरत नाही; म्हणून आधी उंचवटे जातात आणि फळी सरळ होते. आखूड रंधा खळग्यातही उतरतो आणि खळगाच गुळगुळीत करून बाहेर येतो. रस्ते करणाऱ्यांना हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

तिसरं रंधा-मशीन, विजेवरचं. हे दैनिकातलं सदर. विषय कुठलाही द्या, सकाळी छापून तयार. हातात धरायच्या बहुतेक मशिनांच्या पात्याची रुंदी ८२ मिलिमीटर, फेरे मिनिटाला सोळा हजारांच्या आसपास, आणि पाती दोन. म्हणजे मिनिटाला बत्तीस हजार घाव. मी कागदावर मांडून पाहिलं: मिनिटाला चार मीटर वेगाने मशीन पुढे ढकललं, तर एकेका घावाचं अंतर मिलिमीटरचा आठवा भाग येतं. त्याहून घाईने ढकललं की फळीवर लाटा उमटतात. आणि फळीच्या दोन्ही टोकांना हे मशीन खड्डा पाडतं, जर दाब सुरुवातीला पुढच्या बाजूवर आणि शेवटी मागच्या बाजूवर ठेवला नाही तर. सुरुवात आणि शेवट बिघडणे हा सदरलेखकांचाही जुना आजार आहे. शिवाय माळवदाच्या लाकडात आजोबांनी कंदील टांगायला ठोकलेले खिळे असतात. हातरंध्याला खिळा लागला तर पात्याला एक दात पडतो. बत्तीस हजार घावांच्या वेगात लागला तर काय होतं ते पाहायला समीक्षकाने थांबू नये. आधी फळीवरून लोहचुंबक फिरवावं. आमच्या सहा तुळयांतून अकरा खिळे आणि एक घोड्याची नाल निघाली.

हे सगळं मी मिस्त्रींना ऐकवलं. ते मान डोलावत राहिले आणि म्हणाले, "साहेब, फळी नका बघू. छिलका बघा."

खरं सांगतो, इतकं नेमकं समीक्षासूत्र मी दुसरं ऐकलेलं नाही. धार असलेल्या पात्यातून छिलका अखंड निघतो, रिबिनीसारखा, इतका पातळ की त्यातून वर्तमानपत्राचा मथळा वाचता यावा. पातं बोथट झालं की रिबिनीचे तुकडे, मग कण, मग पीठ. नसेच्या उलट रंधा मारला तर खपल्या. मशीन तर चुरमुऱ्यासारखे बारके तुकडेच फेकतं, आणि त्यांच्यासोबत धूळ. फळी काय, पॉलिश केल्यावर कुणाचीही छान दिसते. जमिनीवर पडलेलं खोटं बोलत नाही.

पण जमिनीवर पडलेल्याकडे बघायची आपल्याला सवयच नाही. आपल्या भाषेने 'भुसा' हा शब्द दुसऱ्याच्या डोक्यासाठी राखून ठेवला आहे. आमच्या गावापासून तीस किलोमीटरवर वेरूळला दहावं लेणं आहे, सातव्या शतकाच्या सुमाराचं, विश्वकर्मा लेणं. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. आत छताला दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. आतल्या बुद्धालाच विश्वकर्मा समजून सुतार मंडळी एकेकाळी तिथे पूजेला येत. जवळच कैलास, जिथून काढलेल्या दगडाचा अंदाज काही लाख टनांचा सांगतात. हजारो लोक रोज आ वासून वर बघतात. एवढा चुरा उचलला कुणी आणि टाकला कुठे, हा प्रश्न आमच्या सौ.ने विचारला. घर झाडणाऱ्या माणसालाच हा प्रश्न सुचतो.

हिशेबाच्या भाषेत लाकडाच्या झिजेला आम्ही घसारा म्हणू. सहा फूट लांब, एक फूट रुंद फळी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग रंधली, तर जेमतेम पावणेदोन लिटर लाकूड जातं. पण छिलके होऊन तेच पाच-सहा पट फुगतं. म्हणजे एका फळीला एक बादली. पुस्तकी घसारा कपाटाच्या खतावणीत मुकाट पडून राहतो, हा मात्र गादीखाली, टीव्हीमागे आणि वरणात सापडतो.

आणि हा झाला दिसणारा. न दिसणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडात हाय विकम नावाचं खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या एझ्मी हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीचा एरवी अगदी दुर्मिळ असलेला एक कर्करोग आपल्याकडे वारंवार येतो आहे, आणि येणारे बहुतेक फर्निचर बनवणारे आहेत. पुढे अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, जिथे तंबाखू आहे. सागाची धूळ त्याशिवाय कातडीला खाज आणते ती वेगळीच. छिलका नाकात जात नाही. आत जाते ती पिठासारखी बारीक धूळ, आणि ती सगळ्यांत जास्त उडवतो तो रंधा नव्हे, पॉलिशपेपर. तोही विजेवरचा असेल तर विचारूच नका.

इथे माझा निकाल ठरला. चांगला रंधा तो, जो पॉलिशपेपरला कमीत कमी काम शिल्लक ठेवतो. फळ्यांचं खडबडीत काम मशीनने, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. शेवटचा हात लोखंडी चार नंबरचा, पातं दर थोड्या वेळाने धार लावून. मशीनची पिशवी दोन फळ्यांतच भरते आणि मग धूळ शिवणीतून बाहेर येते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. डाळ मिलच्या छपरावर पत्र्याचा उलटा शंकू असतो ना, त्यात हवा गरगर फिरते आणि जड कण भिंतीला लागून खाली पडतात. तीच युक्ती झाकणाच्या बादलीत करून ती मशीन आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये बसवता येते. बादली भरते, व्हॅक्यूम चोंदत नाही. पण अगदी बारीक धूळ यालाही चुकवते. म्हणून मास्क हवाच आणि कोरडा झाडू नको. आधी पाणी शिंपडावं.

१९४८ च्या कारखाना कायद्यात चौदावं कलम खास धुळीसाठी घातलेलं होतं. पण गच्चीवर फळी रंधणारा मिस्त्री म्हणजे कारखाना नव्हे, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा तर कुठल्याच कलमात बसत नाही. तो कोरड्या झाडूने सगळं झाडतो, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने छिलका अडतो. तो तसाही आत जाणार नव्हता.

कोरोनाच्या वेळचे चांगल्या प्रतीचे मास्क आमच्या कपाटात पडून होते. मी त्या पोराला दिले. त्याने लगेच लावला, सगळा देश लावत होता तसा, हनुवटीला. मिस्त्री हसले. मी म्हटलं, "तुम्हीपण लावा." ते म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाली. आता काय?" आणि खोकले. मग मी बँकेतल्या आवाजात, केवायसी नसलेल्या ग्राहकाशी बोलतात त्या, सांगितलं की मास्क नाकावर गेल्याशिवाय मशीनचं बटण चालू होणार नाही, वायर माझ्या हातात आहे. दोघांनीही नाकावर घेतला. दुपारी जेवून परत आल्यावर पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी एकदाच.

छिलके तीन गोण्या निघाले. कूलरच्या जाळीत भरतात ते 'गवत' म्हणजे लाकडाचाच कीस, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून एक गोणी कूलरसाठी ठेवायचा बेत केला. मिस्त्रींनी तो मोडीत काढला: ते हलक्या लाकडाचं असतं, सागाचा रंग पाण्यात उतरतो, घरात चहाच्या रंगाचं पाणी ठिबकेल. पूर्वी भुशाच्या शेगड्या होत्या, डब्यात भुसा ठासून मधे भोक ठेवायचं, तासन् तास धुमसायची. आता ती शेगडी सिडकोत पेटवली तर शेजारी अग्निशामक दल बोलावतील. शेवटी दोन गोण्या गवंड्याच्या ओळखीने एका कोंबड्या पाळणाऱ्याकडे गेल्या. तिसरी अजून गच्चीवर आहे. तिच्यावर मांजर व्यायली आहे, त्यामुळे तूर्तास ती हलवता येत नाही.