पान दोन, तडा क्रमांक तीन

‘भिंतींना तडे गेले आहेत’ हे वाक्य या अहवालात कुठेच नाही. दोन पाने, निळी शाई, हाताने काढलेल्या तीन आकृत्या. आणि जे बघायला माणूस बोलावला, त्याचे नाव पहिल्या पानावर एकदाही येत नाही. तिथे आधी ‘जाळी’ येते, मग ‘चीर’. ‘तडा’ हा शब्द थेट दुसऱ्या पानावर, तिसऱ्या क्रमांकाला भेटतो, तोही एकवचनात. त्याआधी आमच्या घरी भिंतीवरच्या प्रत्येक रेघेला सरसकट तडेच म्हणत.

घर कोल्हापुरात, नागाळा पार्काच्या उतरत्या अंगाला. १९८६ सालचे, विटांच्या भिंती, त्यांवर टेकलेला स्लॅब, पायाखाली काळी माती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट), तेव्हा पाणी आमच्या जोत्यावर चढले. २०२१ ला पुन्हा. तेव्हापासून घरात काही बिघडले की पुराने. दार आवळले, पुराने. फरशी पोकळ वाजायला लागली, पुराने. पेठांतल्या जुन्या घरांत भिंतीवरच्या भेगेकडे बोट दाखवून ‘कोयनेची’ म्हणणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंपाचा धक्का त्यांना पुरला, आम्हाला पूर पुरला. मागच्या खोलीच्या कोपऱ्यातली भेग तर पुराचीच, यावर घरात दुमत नव्हते. नेहमीच्या मिस्त्रींनी थापीच्या टोकाने ती खरवडली आणि म्हणाले, “काय होत न्हाई ओ मामा. भरून घिऊया, वरनं रंग मारला की दिसायचं बी न्हाई.” दोनदा भरली. दोन्ही वेळा ती त्याच वाटेने परत आली.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. वय पस्तिशीचे असेल. चहा पुढे ठेवताना आईने एकच अट घातली, “जे काय लिहिशील ते मराठीत लिही बाळा. मला वाचता आलं पाहिजे.” त्या अटीमुळे हा कागद जन्माला आला.

मला कागद वाचायचा नाद आहे. सातबारा, खरेदीखत, पंचनामा, जे मिळेल ते. पुरानंतरच्या पंचनाम्यात घराची पडझड ‘अंशतः’ असते नाहीतर ‘पूर्णतः’. मधल्या सगळ्या दुःखाला तिथे रकाना नाही. ३० वर्षांवरच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे असे महापालिकांचा कायदा सांगतो, आणि त्या निमित्ताने तयार झालेले बरेच अहवाल माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. पुष्कळसे एकाच साच्यातले. इमारतीचे नाव बदलायचे आणि शेवटी ‘योग्य ती दुरुस्ती तातडीने करून घ्यावी’ असे लिहून सही ठोकायची. कुठली योग्य आणि तातडी कसली, ते वाचणाऱ्याने आपल्या भीतीप्रमाणे ठरवायचे. हे सगळे वाचून झाल्यावर हा कागद हातात आला, म्हणून त्याची चव कळली.

पहिली नोंद अशी: ‘पुढची खोली. जाळी गिलाव्याची आहे, भिंतीची नाही. पुढच्या रंगाच्या वेळी बघा.’ सिमेंट जास्त पडले, पाणी मारायला आळस झाला, की गिलावा सुकताना आवळतो आणि सुकलेल्या तळ्यासारखा फुटतो. विटांना त्याचा पत्ताही नसतो. आई त्या जाळीखाली सहा वर्षे झोपत नव्हती. तिची सहा वर्षे ‘रंगाच्या वेळी बघा’ एवढ्यावर मिटली. दुसरी नोंद स्लॅबच्या लगत आडव्या गेलेल्या चिरेची. तिथे त्यांनी स्वतःला एक मौज करू दिली आहे: ‘उन्हात स्लॅब पसरतो, भिंत तेवढी पसरत नाही. हे भांडण दरवर्षीचे.’ खाली गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देण्याची सूचना. आकृती मात्र घाईची. स्लॅबची रेघ भिंतीत घुसली आहे.

आता तिसरी. ‘वायव्य कोपरा. तडा विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने वर कोपऱ्याकडे चढतो. रुंदी वर १.८ मिमी, खाली ०.३; मध्यम. आत पिस्ता रंग.’

शेवटचे तीन शब्द मी कितीदा वाचले असतील. त्या दिवशी त्यांनी कपाट सरकवायला सांगितले. मिस्त्रींची थापी जिथे पोहोचली नव्हती तिथे तड्यात बॅटरी धरली, भिंग लावले, आणि मागे न वळता विचारले, “पिस्ता रंग कधी मारला होता?” आई म्हणाली, “थोरलीच्या लग्नात. २०१४.” पूर यायच्या आदल्या वर्षी, २०१८ ला, भिंती क्रीम झाल्या होत्या. भेगेच्या पोटात पिस्ता उतरला, म्हणजे ब्रश फिरला तेव्हा भेग तिथे होती. खोलीत कुणी बोलले नाही. चार वर्षे ज्या नदीला आम्ही बोल लावत होतो, ती त्या वेळी आपल्या पात्रात होती.

हा शोध त्यांना चार वाक्ये रंगवून लिहिता आला असता. लिहिला नाही. रंग कुठे दिसला तेवढे टिपले, अर्थ आमच्यावर सोडला.

बाकीच्या आकड्यांनाही असेच वाचावे लागते. ‘मध्यम’ हे त्यांचे विशेषण नव्हे, मापाचे नाव आहे. भारतीय मानक संस्थेने १९८४ मध्ये इमारतींतल्या तड्यांवर एक पुस्तिका काढली, ‘एसपी २५’. तिच्यात १ मिमीच्या आतला तडा बारीक, १ ते २ मिमी मध्यम, त्यापुढचा रुंद. पण रुंदीइतकेच महत्त्व ती कुठे वाढते याला आहे. वर रुंद आणि खाली निमुळता, म्हणजे कोपरा खाली चालला आहे आणि भिंतीचा वरचा भाग त्याच्यामागे ताणला जातो आहे. आणि कोपरा जातो कुठे, हेही तडाच सांगतो: त्याला काटकोनात एक रेघ खाली काढावी. तिसऱ्या आकृतीत ती रेघ आहे, बाण केलेली. ती कोपऱ्याच्या पायाशी उतरते, आणि बाणापलीकडे अंगणात एक छोटे वर्तुळ आहे. वर्तुळात अक्षर: औ.

औदुंबर. आजीने नृसिंहवाडीहून रोप आणून लावलेला.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत गुराचा पाय अडकतो, पावसात ती फुगून येते. तिच्यातली चिकणमाती पाणी पोटात घेऊन फुगते आणि सोडून आकसते, आणि मोठ्या झाडाची मुळे कडक उन्हाळ्यात ते पाणी पायाखालूनही ओढतात. ‘एसपी २५’मध्येही वनस्पतींमुळे जाणाऱ्या तड्यांचा वेगळा विचार आहे. १९७६ च्या दुष्काळात इंग्लंडात चिकणमातीवरच्या कितीतरी घरांच्या भिंती अशाच उकलल्या होत्या, त्यांत झाडांशेजारची पुष्कळ. तिथे ओक आणि पॉप्लर, आमच्याकडे दत्ताचे झाड.

मग येते ते वाक्य, ज्यासाठी मी हा कागद जपून ठेवला: ‘झाडाचा यात भाग असावा असे वाटते.’ माझ्या मेहुण्याला ते मुळमुळीत वाटले. पैसे घेतले आणि ‘वाटते’ लिहितो, हा त्याचा आक्षेप. मला उलट तिथेच हा माणूस दिसला. रंग, रुंदी, दिशा लिहिताना त्याने एकदाही ‘असावा’ वापरलेले नाही, कारण ते त्याने डोळ्यांनी पाहिले. जमिनीच्या आत त्याने पाहिले नव्हते. पायाशी खड्डा घेतला नव्हता, मातीची परीक्षा झाली नव्हती. तिथे पाऊल ठेवताच क्रियापद मऊ झाले. ‘असावा’ आणि ‘वाटते’ अशा दोन पायऱ्या त्याने मुद्दाम ठेवल्या आहेत. पुढच्या ओळीत पंचगंगेलाही पुरती सुटका नाही: ‘पुराने तडा वाढला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

आणि मग पुन्हा सरळ आज्ञा. ‘झाड तोडू नये. एकदम तोडल्यास माती फुगून उलट त्रास होऊ शकतो. तडा भरू नये. वर्षभर मोजावा.’ मराठीत लिहायला लावल्याचा फायदा इथे दिसतो. इतक्या तुटक, इतक्या शांत आज्ञा मी तरी इंग्रजी अहवालात पाहिल्या नाहीत. दुरुस्तीचा अंदाजखर्च नाही. कुठल्या केमिकलच्या डब्याचे नाव नाही.

एक तक्रार आहे. सगळ्यात शेवटी, सहीच्या अगदी डोक्यावर, लिहिले आहे: ‘रुंदी ३ मिमी झाली किंवा मागचे दार अडकू लागले, तर वर्षाची वाट पाहू नये, लगेच कळवावे.’ हे वाक्य मी पहिल्या पानावर आणले असते. म्हातारी माणसे कागद शेवटपर्यंत वाचतातच असे नाही. आईने वाचला, ही गोष्ट निराळी. ती सहीखालची तारीखसुद्धा वाचते.

मोजायचे कसे, तेही त्यांनी करून दिले. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू बसवला, दोघांत बरोबर १०० मिमी, आणि एक व्हर्नियर कॅलिपर घरी ठेवला. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवत, भिंत हलली की काच फुटे; ती फक्त हो किंवा नाही सांगायची. स्क्रू किती ते सांगतात. नोव्हेंबर २०२३ पासून आई दर महिन्याच्या १ तारखेला भिंतीपाशी स्टूल ओढते आणि आकडा ‘कालनिर्णय’च्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. नोव्हेंबर १००.०. फेब्रुवारी १००.३. मेच्या चौकोनात १००.८, आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘उंबराला रोज दोन बादल्या.’ जूनमध्ये १००.६, अजून पाऊस नव्हता. सप्टेंबर १००.१.

वर्ष झाल्यावर इंजिनिअर आले, कपाट सरकवले, भिंग लावले, मग कॅलेंडरची पाने मागे उलटत मेपर्यंत गेले. बादल्यांच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी कशाला सांगाय पाहिजे,” आई म्हणाली. “त्याला तहान लागलीय असं तूच लिहिलंस की.”

त्यांनी अहवाल मागून घेतला आणि खिशातले निळे पेन काढले.