महबूब ते अमर

शाहीर अमर शेख यांच्याविषयीच्या लेखांत त्यांचे मूळ नाव, महबूब हुसेन पटेल, बहुधा कंसात येते आणि लेख पुढे सरकतो. आम्ही त्या कंसापाशी थांबू इच्छितो.

अरबीत 'हुब' म्हणजे प्रेम. ज्याच्यावर प्रेम केले जाते तो 'महबूब'. 'हबीब' त्याच धातूचा. शेख अब्दुल कादिर जिलानी यांना 'महबूबे सुबहानी' म्हणतात. त्या श्रद्धेपोटी हे नाव दख्खनमध्ये रुजले.

अमर व्हायला दुसरे कुणी लागत नाही. महबूब व्हायला मात्र प्रेम करणारा लागतोच. १९१६ साली बार्शीत जन्मलेले हे शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जनतेसाठी गायिले आणि तिचे लाडके झाले. 'कलश' आणि 'धरतीमाता' या संग्रहांच्या कवीची ओळख आम्हांला म्हणूनच जुन्या नावात अधिक पटते. शिवाय 'अमर'च्या जोडीला 'शेख' आहेच. तोही अरबीच शब्द, अर्थ वडीलधारा.

कर्जत-खालापूरकडच्या आमच्या उर्दू शाळांतील मुलांना मराठी कवी परके वाटू नयेत, अशी आमची तळमळ आहे. त्यांना अमर शेख शिकवताना सुरुवात 'महबूब'पासून करावी.