चव्हाट्यावरच्या माता

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात चारुदत्त आपल्या मित्राला, मैत्रेयाला, एक साधं काम सांगतो. घरच्या देवांचं झालं आहे, आता चव्हाट्यावर जाऊन मातांना बळी ठेवून ये. मैत्रेय कां-कूं करतो. तिन्हीसांज झालेली, राजरस्त्यावर नाही नाही ती माणसं फिरतात, एकट्याने जायला त्याचं मन घेत नाही. तेवढ्यात राजाचा मेहुणा शकार याच्या तावडीतून निसटलेली गणिका वसंतसेना अंधारात चारुदत्ताच्या दाराशी येते, नाटकाला वेग येतो आणि बळीची गोष्ट मागे पडते. प्रेक्षक ती विसरतो. रसिक अभ्यासकांनीही तिच्यावर फारसा वेळ घालवला नव्हता.

दामोदर धर्मानंद कोसंबी मात्र नेमके तिथेच अडले. या माता कोण? आणि त्यांचं पान देवघरात नाही, देवळात नाही, चव्हाट्यावरच का? एवढ्याच प्रश्नावर त्यांनी एक दीर्घ इंग्रजी निबंध उभा केला. १९६२ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात तो आहे. नाव ‘अॅट द क्रॉसरोड्स’. विज्ञान, साहित्य आणि तत्त्वचिंतन यांची सरमिसळ करणारं संशोधन हल्ली उदंड होतं, पण त्यातलं बरंचसं शेजारच्या वाड्यातून मागून आणलेल्या भांड्यांनी घातलेल्या पंगतीसारखं वाटतं. या निबंधात प्रत्येक भांडं घरचं आहे. म्हणून तो पुन्हा पुन्हा वाचावा.

माणूस मुळात गणिती. १९०७ साली गोव्यात जन्म, वडील पालीचे जगन्मान्य पंडित, शिक्षण हार्वर्डला, पुढे फर्ग्युसनमध्ये अध्यापन आणि १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था. पुण्यात घर आणि मुंबईत नोकरी, तेव्हा डेक्कन क्वीन हीच अभ्यासिका. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही जनुकशास्त्रात त्यांच्याच नावाने चालतं. दुसऱ्या हाताने ते शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. ती १९४८ साली आली.

त्यांचं नाण्यांवरचं कामही जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी त्यांनी रासायनिक तराजूत एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांचं सरासरी वजन काळानुसार उतरत जातं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो. जितकी झीज, तितका चलनातला काळ. पाठीमागच्या बारीक खुणा मोजल्या तर ज्यावर खुणा जास्त त्याचं वजन कमी. मग कुठल्या राजाचं नाणं आधीचं आणि कुठल्याचं नंतरचं, हे कुठलंही पुराण न उघडता लावता येतं. एरवी पंडित जिथे श्लोकांवरून भांडले असते तिथे यांनी मिलिग्रॅम मोजले, आणि निष्कर्ष मांडताना आवाज जराही चढवला नाही.

निबंधाकडे परत येऊ. त्याची बांधणी नाटकासारखीच आहे. पहिला अंक ग्रंथालयात घडतो. महाभारताच्या शल्यपर्वात स्कंदाच्या परिवारातल्या मातांची लांबलचक यादी आहे. त्यात चव्हाट्यावर राहणाऱ्या, चव्हाट्यावर रमणाऱ्या माता नावानिशी येतात. म्हणजे चारुदत्ताचा आचार ही शूद्रकाची लहर नव्हे. पण अशा उताऱ्यांची रास कितीही वाढवली तरी ‘का’ सुटत नाही, कारण लिहिणाऱ्या ब्राह्मणालाही तो ठाऊक नव्हता. इथे दुसरा कोणी असता तर आणखी चार ग्रंथ काढून बसला असता. कोसंबी पोथी मिटतात आणि पुण्याभोवतीच्या टेकड्या चढू लागतात. निबंधातला सगळ्यात सुंदर क्षण हाच, आणि तो त्यांनी कसलाही गाजावाजा न करता उरकला आहे.

टेकड्यांवर काय दिसतं? गावापासून दूर, आडरानात, शेंदूर फासलेला तांदळा. बहुतेकदा आईच, आणि बहुतेकदा नवऱ्याविना. इथेच का, म्हणून विचारलं तर गावकरी म्हणतात, पूर्वीपासून आहे. मग कोसंबी पायाखाली बघतात. तिथे गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या बारीक पात्या सापडतात, अंगठ्याच्या पेरात मावतील एवढ्या. एका बाजूला धार. लाकडात किंवा हाडात बसवून कातडं सोलायचं, मांस कापायचं हे हत्यार. नांगर नव्हता तेव्हाच्या माणसांचं. अशा जागा नकाशावर मांडल्या की डोंगराच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटा उमटतात. जिथे दोन टोळ्यांच्या वाटा मिळायच्या तिथे भेट, देवघेव, लग्नं, नाच आणि मातेला रक्त. गावं नंतर आली, खाली ओढ्याकाठी बसली. देवता वाटेवरच राहिली. पुढे त्याच वाटांनी व्यापारी तांडे घाटाखाली उतरले आणि त्यांच्यामागोमाग बौद्ध भिक्षू. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशी एकवीरा कशी, आणि तिला नवस फेडायला कोकणातले कोळी एवढा डोंगर चढून का येतात, हे कोडं एरवी वेगळं भासतं. या नकाशावर ते आपोआप जागेवर बसतं. चारुदत्ताचा चव्हाटा म्हणजे उज्जयिनीतला चौक, पण त्याची मुळं शहराच्या कितीतरी आधीची. एका पात्राच्या ओझरत्या वाक्यापासून निघालेली वाट पाषाणहत्यारांपाशी पोचते, आणि मधली एकही पायरी तर्काने टाळलेली नाही.

म्हणजे तसं वाटतं खरं. सावध वाचकाने इथे थोडं थबकावं. जमिनीवर पडलेल्या पातीला काळ चिकटलेला नसतो. अशी हत्यारं हजारो वर्षं वापरात होती. पात आणि तांदळा एकाच माळावर मिळाले म्हणून पात टाकणाऱ्यानेच तांदळा पुजला असं होत नाही. चांगली जागा, म्हणजे पाणी, सावली, दूरवर नजर, ही सगळ्या काळातल्या माणसांना चांगलीच वाटते. नाण्यांपाशी जी शिस्त त्यांनी पाळली ती टेकडीवर थोडी सैल झाली. तरी निबंध कोसळत नाही. पुरावा संपतो तिथे त्यांचा आत्मविश्वास पुढे धावतो आणि ते स्पष्ट दिसतं, लपवाछपवी नाही.

दुसरी तक्रार मला जास्त जाचते, आणि ती जव्हार-मोखाड्याकडे बघितल्यावर नीट कळते. तिथल्या जामसरच्या मुलखात, वारली आणि कोकणा पाड्यांवर, कोसंबींना जे पुण्याभोवती अवशेषरूपाने वेचावं लागलं ते नांदतं आहे. वाघदेव आहे: लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला, आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी त्याला मान देतात. हिरवा आहे, हिमाय आहे, भगताच्या घांगळी या वाद्यावर गायली जाणारी धान्यदेवता कणसरी आहे. बोहाडा या उत्सवात एकामागून एक सोंगं संबळ-सनईच्या तालावर गावच्या रस्त्यातून नाचत येतात आणि शेवटी जगदंबा येऊन महिषासुराला मारते. मातेची जागा रस्त्यावर, याला याहून धडधडीत दाखला कुठला? पण कोसंबींच्या निबंधात अशी माणसं मुख्यतः साक्षीदार म्हणून येतात. जुन्या काळाची खूण त्यांच्या आचारात उरली आहे म्हणून ती महत्त्वाची. वाघबारशीला जमलेल्या गुराख्याला मात्र जुन्या काळाशी कर्तव्य नसतं. यंदा गुरं सुखरूप राहावीत एवढंच त्याचं मागणं. देव कुठून आला हे कोसंबी अप्रतिम सांगतात. तो आज कशासाठी आहे, हा प्रश्न त्यांच्या हातून निसटतो.

या मुलखाचा शोध घ्यायचा तर पद्धत तरीही त्यांचीच घ्यावी लागेल. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने ज्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली त्यांची नावं येतात: दमणा, तापी आणि त्यांच्यासोबत दहाणुका. सोपाऱ्याचंही नाव त्या लेखात आहे. दहाणूच्या किनाऱ्यावरून त्र्यंबक-नाशिकला वर चढायचं तर मधे सह्याद्रीची हीच उतरण आडवी येते, जव्हार आणि मोखाड्याची. शिलालेखात नदी ओलांडायची सोय लिहिली आहे. नदी ओलांडल्यावर माल कुठल्या घाटाने चढला ते लिहिलेलं नाही. ते काम पायांचं. वाघदेवांच्या जागा, नागलीची वरकस जमीन, पाण्याचे झरे आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया अजून ज्या वाटांनी जातात त्या वाटा, हे सगळं एका नकाशावर घ्यायचं. तांदळ्यापाशी पात मिळाली तर ती खिशात न घालता जागच्या जागी नोंदायची. आणि भगताला विचारताना ‘पूर्वीपासून आहे’ एवढ्या उत्तरावर वही मिटायची नाही. यंदा पूजा कोणी केली, कोंबडा कोणाचा होता आणि कुठल्या पाड्याला बोलावणं गेलं नाही, हेही लिहून घ्यायचं.