'पुराणमतवादी' कोणास म्हणावे? एका राजकीय संज्ञेची मराठीतील अडचण

मराठी वैचारिक लेखनात 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या संज्ञेसाठी 'पुराणमतवादी', 'सनातनी', 'परंपरावादी', 'स्थितिवादी' असे शब्द आलटून पालटून वापरले जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर विधवाविवाह, संमतिवय, अस्पृश्यता या वादांची धूळ अजूनही बसलेली आहे. ते सामाजिक निषेधाचे शब्द आहेत. राज्यसंस्थेकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी म्हणून या भूमिकेचा विचार करावयाचा झाल्यास ते फारसे उपयोगी पडत नाहीत, किंबहुना दिशाभूलच करतात. प्रस्तुत लेखात ही अडचण एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या उदाहरणावरून तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

या विचाराचा आद्य प्रवक्ता म्हणून एडमंड बर्क याचे नाव घेतले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७९० चा. मात्र बर्क हयातभर व्हिग पक्षात होता आणि 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे पक्षनाम ब्रिटनमध्ये त्याच्या मृत्यूनंतर, १८३० च्या दशकात रुळले. अमेरिकन वसाहतींच्या गाऱ्हाण्यांची त्याने बाजू घेतली. हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात महाभियोग चालविण्यात तो अग्रभागी होता. १७८८ मध्ये सुरू झालेला तो खटला १७९५ मध्ये हेस्टिंग्जच्या निर्दोष सुटकेने संपला. पॅरिसच्या क्रांतिकारकांना विरोध करणारा हाच लेखक हिंदुस्थानातील प्राचीन संस्था व रीतिरिवाज यांच्या वतीने कंपनीशी भांडतो, यात विसंगती नाही. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली व्यवस्था कोणी सिद्धान्ताच्या बळावर मोडो की लोभाच्या, बर्कला दोन्ही सारखेच. बदलाला त्याचा विरोध नव्हता. ज्या राज्याजवळ स्वतःत बदल करण्याचे साधन नाही ते टिकूही शकत नाही, असे तो मानत असे.

ही कसोटी घेऊन पुण्याकडे पाहिले असता आपली नेहमीची विभागणी डळमळू लागते. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर नेले. न्या. म. गो. रानडे विधेयकाच्या बाजूने, तर लो. टिळक विरोधात. यावरून पहिले सुधारक व दुसरे पुराणमतवादी, असे पाठ्यपुस्तकी समीकरण रूढ झाले आहे. परंतु १८९० मध्ये टिळकांनीच मुलींचा विवाह सोळाव्या आणि मुलांचा विसाव्या वर्षापूर्वी करू नये, अशी स्वेच्छेने पाळावयाची योजना मांडली होती. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने कायदा करण्यावर होता. समाजाने आपल्या गतीने, आतून बदलावे, हा युक्तिवाद बर्कच्या जवळचा आहे. (त्या मुलींना ही गती परवडणारी होती का, हा प्रश्न त्यात कोठेच नाही.) राजकारणात मात्र हेच टिळक प्रस्थापित राज्ययंत्रणेला धक्के देणारे, १८९७ व १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा भोगणारे जहाल पुढारी.

रानड्यांचे चित्र याच्या उलट नव्हे, अधिक गुंतागुंतीचे आहे. ते सनदशीर मार्गाचे, अर्ज-विनंत्यांचे, संस्था उभारण्याचे राजकारण करीत. सामाजिक सुधारणेतही परंपरेशी संबंध तोडणाऱ्या बंडाचा मार्ग त्यांना पसंत नव्हता. शास्त्रांचा आधार शोधून जुन्यातूनच नवे काढावे, ही त्यांची रीत. तरीही १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना विचारले, की नेमका कोणता भूतकाळ जिवंत करावयाचा? प्रस्तुत लेखकास हा प्रश्न रानड्यांच्या साऱ्या लेखनात सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण तो जतन करणाऱ्यालाच वारशाचा हिशोब मागतो. टिळक व रानडे या दोघांनाही काही जतन करावयाचे होते. भेद होता तो वारसा कोणता मानावयाचा, यात. ब्रिटिश राज्यातून मिळालेले कायद्याचे राज्य रानड्यांच्या दृष्टीने वारशात जमा झाले होते. टिळकांच्या दृष्टीने ते परक्याचे होते.

आणि ज्यांच्या वाट्याला वारसा म्हणून केवळ अपमानच आला, त्यांनी काय जतन करावे? म. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे रानड्यांनी दिलेले निमंत्रण पत्राने नाकारले. जे इतरांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. रानड्यांची बाजू कितीही सहानुभूतीने मांडली तरी या नकाराला तिच्यात उत्तर सापडत नाही. सावकाश बदलाची किंमत जो मोजतो, तो ती गती ठरविणाऱ्यांत नसतो.

याच परंपरेत घडलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण म्हणूनच पुन्हा वाचावयास हवे. जातिव्यवस्थेचे समूळ उच्चाटन मागणारा हा विचारवंत तेथे सनदशीर मार्गांखेरीज अन्य मार्ग, सत्याग्रहसुद्धा, सोडून देण्यास सांगतो. जतन करण्याजोगे काही त्यांच्या हाती प्रथमच आले होते. त्याच भाषणात राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती दूर न झाल्यास विषमतेने पोळलेले लोक ही रचनाच उद्ध्वस्त करतील, असा इशाराही आहे. पुढे १९५३ मध्ये राज्यसभेत, हे संविधान जाळण्यास आपण प्रथम पुढे येऊ, असे ते म्हणाले. १९५५ मध्ये त्याचा खुलासा मागितला गेला, तेव्हा त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. देवासाठी बांधलेल्या मंदिराचा ताबा देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच राक्षसांनी घेतला, असा दृष्टान्त त्यांनी दिला.