सशांची वाढती पिले आणि कडधान्यांचे उपपदार्थ : एका निष्कर्षाची चिकित्सा

डाळगिरणीत तुरीपासून जी डाळ हाती येते ती साधारणतः दाण्याच्या वजनाच्या ७० ते ७५ टक्के. उरलेला भाग टरफल, चुणी व पूड या रूपांनी बाहेर पडतो. मळणीनंतर उरणारे हरभऱ्याचे व सोयाबीनचे भुसकट निराळेच. नाशिकजवळील सातपूर येथे कारखान्यांच्या वसाहतीने शेतजमीन व्यापली आहे. अशा ठिकाणी ससे पाळणाऱ्याला हिरवा चारा बहुधा विकतच घ्यावा लागणार. तेव्हा त्याची दृष्टी या स्वस्त पदार्थांकडे वळावी, हे स्वाभाविक होय. लसूणघास व भुईमुगाची पेंड यांच्या जागी हे पदार्थ काही प्रमाणात घातले असता पिलांच्या वाढीवर प्रतिकूल परिणाम होत नाही, असा निष्कर्ष या विषयावरील लेखनात वारंवार आढळतो. तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

पहिला दोष वर्गीकरणाचा. ‘कडधान्यांचे उपपदार्थ’ हा एक पदार्थ नव्हे. चुणीत डाळीचे बारीक तुकडे व अंकुर असल्याने ती प्रथिनयुक्त असते. टरफलात प्रथिने थोडी व तंतू पुष्कळ. भुसकटात तंतू असतात, पण ते काष्ठमय. या तिघांची बेरीज करून काढलेले अनुमान तिघांपैकी एकालाही नेमके लागू पडत नाही.

दुसरा दोष तंतूंच्या मोजमापाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये वाढत्या सशांसाठी १६ टक्के प्रथिने व १० ते १२ टक्के कच्चे तंतू सुचविले. पुढे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, पिलांच्या आंत्रविकारांचा अभ्यास झाला. तंतूंचे एकूण प्रमाण पुरेसे नसून त्यांत लिग्निन किती, हेही निर्णायक आहे, असे त्यातून दिसून आले. ससा भरड कण कठीण लेंड्यांच्या वाटे लवकर टाकून देतो. बारीक कण मात्र अंधनालात परत नेऊन तेथे आंबवितो व त्यापासून झालेल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. सोयाबीनच्या टरफलात लिग्निन कमी असते. असे टरफल बारीक दळून दिल्यास कच्च्या तंतूंचा आकडा कागदावर पुरेसा दिसेल. परंतु अन्नाचा पुढे सरकण्याचा वेग त्यामुळे राखला जाईलच, असे नाही. कोष्टकात केवळ कच्चे तंतू नोंदविणारा प्रयोग या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

प्रथिनांविषयीही तेच. कडधान्यांत लायसिन चांगले, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले उणी. मऊ लेंड्यांतून मिळणारी सूक्ष्मजीवांची प्रथिने ही उणीव वेगाने वाढणाऱ्या पिलांत पूर्णतः भरून काढीत नाहीत. टरफलांत कच्च्या सोयाबीनची भेसळ असेल, तर ट्रिप्सिनरोधक द्रव्याचा प्रश्न वेगळाच. पावसाळ्यात दमट जागी साठविलेल्या चुणीला बुरशी लागते, आणि अफ्लाटॉक्सिन या विषाला अत्यंत संवेदनशील असलेल्या प्राण्यांत सशाची गणना होते. प्रयोगशाळेतील ताज्या नमुन्यावरून गिरणीतील पोत्याविषयी विधान करता येत नाही.

सर्वांत गंभीर दोष मृत्यूंच्या हिशेबाचा. दहा-दहा पिलांचे गट घेतले, एका गटात १ व दुसऱ्यात ३ पिले दगावली, तर संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ‘लक्षणीय’ ठरत नाही. दहा व तीस टक्के मृत्यूंतील भेद ८० टक्के खात्रीने ओळखावयाचा, तर प्रत्येक गटात ६० हून अधिक पिले लागतात. भेद दिसला नाही म्हणजे भेद नाही, असे नव्हे. प्रयोगच लहान असल्यामुळे तो दिसू शकत नव्हता. त्यात वाढीची सरासरी केवळ जगलेल्या पिलांची काढली, म्हणजे अपयश कोष्टकातून नाहीसेच होते.

पालकाच्या हिशेबातून मात्र ते नाहीसे होत नाही. एकूण खर्चात खाद्याचा वाटा दोन तृतीयांश धरला व नव्या मिश्रणाने खाद्य २० टक्क्यांनी स्वस्त झाले, तर एकूण बचत सुमारे १३ टक्के. उलट, विक्रीस ९ ऐवजी ७ च पिले उरली, तर उत्पन्न २२ टक्क्यांनी घटते. ज्याला ‘प्रतिकूल परिणाम नाही’ म्हटले, त्यातच त्याचा धंदा बुडू शकतो.

याचा अर्थ हे पदार्थ त्याज्य आहेत असा नव्हे. चुणी प्रथिनांसाठी, भुसकट काष्ठमय तंतूंसाठी, अशी कामे वाटून दिली, तर ते परस्परांस पूरक ठरण्याचा संभव आहे. मात्र तसे म्हणण्यापूर्वी लिग्निन मोजावे, कणांचा आकार नोंदवावा, आईपासून तोडल्यानंतरचे पहिले आठवडे वेगळे अभ्यासावेत आणि प्रत्येक मृत पिलू हिशेबात धरावे. शिवाय चुणी ही टाकाऊ वस्तू नाही. गाईम्हशींच्या गव्हाणीत तिला आधीच मागणी आहे. म्हणून तिचा खर्च शून्य न धरता बाजारभावाने धरावा. एवढे केल्यावर जे प्रमाण टिकेल, तेच पालकाला सांगण्याजोगे.