अ‍ॅलेक गिनेस : मुखवट्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

भूमिकेवर स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाची मुद्रा उमटविणाऱ्या नटालाच सामान्यतः थोर मानले जाते. इंग्रज नट अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००) यांची पूर्वकारकीर्द या समजुतीला छेद देते. आत्मविलोपन हेच त्यांच्या अभिनयाचे मूलतत्त्व होते.

जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी सोडून रंगभूमीकडे वळलेले गिनेस १९३४ मध्ये जॉन गिलगुड यांच्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकच्या छोट्या भूमिकेत दिसले. पुढे ओल्ड व्हिक या नाट्यसंस्थेत त्यांची जडणघडण झाली. तेथेच १९३८ मध्ये टायरोन गथ्री यांच्या आधुनिक वेशातील प्रयोगात त्यांनी हॅम्लेट साकारला. १९३९ मध्ये त्यांनी डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे नाट्यरूपांतर केले व त्यात हर्बर्ट पॉकेटची भूमिका केली. युद्धकाळातील नौदलसेवेनंतर, १९४६ मध्ये, डेव्हिड लीन यांच्या चित्रपटात तीच भूमिका त्यांच्याकडे आली.

लीन यांच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१९४८) त्यांनी फेगिन रंगविला. क्रुकशँकच्या मूळ चित्रांवर बेतलेल्या रंगभूषेत नटाचा चेहरा पूर्णपणे लोपला. मात्र ज्यूंच्या संहाराला अवघी काही वर्षे लोटली असताना ते लांब नाक निरुपद्रवी राहणे शक्य नव्हते. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये निदर्शने झाली. अमेरिकेत हा चित्रपट काटछाट होऊन १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. मुखवट्याआड नट लपतो, पण मुखवट्याचा इतिहास लपत नाही.

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) एकाच उमराव घराण्यातील आठ व्यक्ती त्यांनी उभ्या केल्या. येथे आठही चेहऱ्यांमागचे साम्य दोष न ठरता घराण्याच्या अहंतेवरील उपरोध बनते. याउलट १९५१ मध्ये, दिग्दर्शनाचीही धुरा वाहत, त्यांनी पुन्हा केलेला हॅम्लेट अपयशी ठरला. त्या भूमिकेला आड लपणारा नव्हे, तर अंतरंग उघडे करणारा नट हवा असतो.

१९८४ मध्ये लीन यांच्याच 'अ पॅसेज टू इंडिया'त गिनेस मराठी आडनावाचे प्राध्यापक गोडबोले झाले, तेव्हा फेगिनने उभा केलेला प्रश्न भारतीय प्रेक्षकांपुढेही आला : स्वतःला पुसून टाकणारा नट दुसऱ्याचा चेहरा कोणत्या अधिकाराने धारण करतो? त्यांच्या कलेचे मूल्यमापन या प्रश्नाला वगळून पूर्ण होत नाही.